खोळीखालच्या पायऱ्या

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज राधाकृष्णभाऊंनी भर बैठकीत माझी जिरवली, आणि तीही माझ्याच स्पीकरच्या बॉक्सनी.

विषय कामगार कलागृहाचा होता. कोपरगावकडून आलं की साखर कारखान्याच्या कॉलनीच्या तोंडाशी जी काँक्रीटची इमारत दिसते, ती. कलागृह हे नाव फक्त संस्थेच्या शिक्क्यावर. लोक म्हणतात 'खोळ'. पावसात मेंढपाळ घोंगडीची घडी घालून डोक्यावर खोळ घेतो, तसं तिचं छप्पर आहे. राधाकृष्णभाऊ संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, खोळ पाडू आणि तिथे एसी मंगल कार्यालय करू. बाहेरची पार्टी तयारच आहे.

मी उठलो. म्हणालो, "भाऊ, असं सभागृह जिल्ह्यात दुसरं नाही. गाण्यासाठी बांधलंय ते. माईकशिवाय शेवटच्या पायरीपर्यंत आवाज जातो."

"जातो का? मग गणपतीत तुमी आठ बॉक्स लावून का बसला हुता?"

सगळे हसले. हसणारच. 'घाटविसावे साऊंड सर्व्हिस' ही माझ्या दुकानाची पाटी कॉलनीत सगळ्यांनी वाचलेली आहे.

"एवढे बॉक्स लावून माझं भाषण मलाच कळलं न्हाई," भाऊ म्हणाले. "नुसतं हूं हूं हूं. आडात तोंड घालून बोलल्यावानी."

"बॉक्समुळेच घुमतं. बॉक्स काढा, मग ऐका."

"काढून दावा की. एकवीस डिसेंबरला बैठक, ठराव तवाच घेऊ. आदल्या दिवशी तुमचा कार्यक्रम. एकबी बॉक्स न्हाई, एकबी माईक न्हाई. मी सोता शेवटच्या पायरीवर बसतो. शब्द कळला तर खोळ राहिली. न्हाई कळला तर पहिला घण तुमी मारायचा, शमुवेलराव. काय?"

"चालेल," मी म्हणालो.

घरी येऊन बायकोला, मार्थाला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "शेवटच्या पायरीवर भाऊंना डिसेंबरात गारठा लागेल." एवढंच. हिला विषयाचं गांभीर्य कळत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पुस्तिका लिहायला घेतली. लोकांना माहिती नाही म्हणून किंमत नाही. माहिती झाली की लोक आपोआप येतील, आणि कार्यक्रमाला लोक आले तरच त्याला कार्यक्रम म्हणतात.

माझं शिक्षण नववी. पुढचं सगळं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आणि शब्दकोशाच्या आधाराने. इंग्रजीतलं काँक्रीटच्या छपरांचं एक जाडं पुस्तक मी तीन वर्षं वाचतो आहे. त्यामुळे पुढचं लिहितो ते ऐकीव नाही.

खोळ बांधली १९६८ ते ७१. पैसा कारखान्याचा, श्रम कामगारांचे. हंगाम संपला की दर रविवारी माणसं खडी वाहायची. रचना मुंबईच्या लालवाणी नावाच्या तरुण आर्किटेक्टची. छप्पर म्हणजे काँक्रीटचा एक पातळ पत्रा, कागदाच्या पंख्यासारखा घड्या घालून उभा केलेला. घडीमुळे ताकद. मध्ये एकही खांब नाही. गिलावा नाही, रंग नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर उमटल्या आहेत, सागाच्या गाठीसुद्धा दिसतात. दोन्ही बाजूंना उभ्या तिरप्या पट्ट्या. वारा आत येतो, मावळतीचं ऊन येत नाही. आणि मुख्य म्हणजे बसायची जागा जमिनीखाली आहे. बारवेत उतरावं तशा पायऱ्या अर्धगोलात खाली उतरतात आणि तळाशी रंगमंच.

नकाशात मला एकच चूक सापडली. पायरी बसायला जरा जास्त रुंद आणि खुर्चीला जरा कमी. प्लास्टिकच्या खुर्चीचा पुढचा पाय नेमका कडेवर येतो. गणपतीत बँकेचे साहेब खुर्चीसकट खालच्या पायरीवर आले. पुस्तिकेत ही गोष्ट 'किरकोळ दोष' म्हणून नोंदवली आहे. खोटी स्तुती मी करत नाही.

छपराला अकरा पानं झाली. पायऱ्यांना दोन ओळी.

२३ नोव्हेंबर, रविवार

एस्तेर सुप्याहून आली. तिथे कंपनीत ती तपासणी विभागात आहे. मापात मिलिमीटरचा फरक राहू देत नाही. माझ्यावर गेली आहे.

चर्चवरून आल्यावर मी तिला सांगितलं की कार्यक्रमात तू गायचंस. आबांचं पद.

"बिनमाईकचं?"

"बिनमाईकचं."

"पप्पा, चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर आवाज जात नाही माझा. आयुष्यभर लोकांच्या कानाशी कर्णे लावलेत तुम्ही, आणि घरच्या पोरीला म्हणता तशीच गा."

"आबांचा आवाज तुझ्यासारखाच बारीक होता."

"मी थोडीच ऐकलाय?"

मी ऐकला आहे. सात-आठ वर्षांचा असेन. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात बॉयलरवर होते आणि सुट्टीला ख्रिस्ती कीर्तन करायचे. नाताळच्या आधी खोळीत त्यांचं कीर्तन होतं. मी अगदी वर, शेवटच्या पायरीवर आईच्या मांडीत होतो. खोळ भरलेली. आबांनी 'दिवा दारात ठेव, कुणी वाटेत आहे' हे स्वतःचं पद घेतलं. ते इतकं हळू म्हणायचं पद आहे की घरी म्हणाले तरी स्वयंपाकघरात ऐकू येत नसे. मला तिथे एकेक शब्द आला. 'वाटेत' म्हणताना त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा.

एस्तेरला एवढंच म्हणालो, "आवाज तुझा, बाकी छप्पर बघेल."

"छपराला सांगा मग, तयारी कर म्हणावं," ती म्हणाली. म्हणजे हो म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चाचणी घेतली. लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

कबुतरांची घाण काढून पायऱ्या धुतल्या होत्या. एस्तेर खाली रंगमंचावर, मी शेवटच्या पायरीवर. मार्था आणि शेजारच्या लंकाबाई मधे कुठेतरी शाली गुंडाळून बसल्या. लंकाबाई म्हणजे खडी वाहणाऱ्यांतल्या उरलेल्या शेवटच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत.

एस्तेरने सुरू केलं. पहिला शब्द आला, आणि तो जायच्या आत दुसरा आला, आणि दोन्ही एकमेकांवर चढले. ओळ संपेपर्यंत नुसता कालवा. दिवा नाही, दार नाही, काही नाही. कबुतर उडालं तर त्याचे पंख चार वेळा ऐकू आले.

मी ओरडलो, "शब्द सुटे काढ!" माझं ओरडणंही तसंच परत आलं.

"सुटेच काढतेय!" खालून.

तीन वेळा केलं. जागा बदलून केलं. भाऊ म्हणाले ते खरं आहे, आडात तोंड घातल्यासारखंच.

मार्था पायरीवर हात फिरवत म्हणाली, "किती गार आहे हो ही. अंगालाच लागते."

इथे माझ्यावर मान खाली घालायची वेळ आलीय आणि हिला गारठ्याचं पडलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

माझी आठवण खोटी असेल का?

सात-आठ वर्षांच्या पोराला बापाचा आवाज कुठूनही ऐकू येतो. पद मला पाठ होतं. कदाचित मी ऐकलं नाही, नुसतं ओठांकडे बघून मनात म्हटलं. आणि त्यावर अकरा पानं लिहिली.

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

मागे हटणार नाही. आठवण खोटी असेल तर असो, काँक्रीट खोटं नाही. आवाज कडक भिंतीवरून परततो. तो पिऊन टाकणारं काहीतरी लावायचं, एवढा हा प्रश्न आहे. अंड्यांचे ट्रे लावून बघितले. काही नाही. मग कारखान्यातून साखरेची जुनी बारदानं मागून आणली आणि मागच्या भिंतीवर दोरीने टांगली. फरक पडला, नक्की पडला. फार नाही.

दुपारी भाऊ बघायला आले. त्यांनी वर बघितलं आणि एक बारदान सुटून त्यांच्या टोपीवर पडलं. मळीचा वास.

"हे कलागृह हाय का गोदाम?" भाऊ म्हणाले.

संध्याकाळी मार्था म्हणाली, "आबांच्या वेळी टांगली होती का बारदानं?"

"नव्हती."

"मग तेव्हा काय होतं?"

"तेव्हा काही नव्हतं. उघड्या पायऱ्या होत्या. फोटो आहे माझ्याकडे." फोटो बांधकाम पूर्ण झाल्याच्या दिवसाचा आहे, रिकाम्या खोळीचा. काढून दाखवला.

तिने फोटो बराच वेळ बघितला. "माणसं नाहीत यात," म्हणाली.

"इमारतीचा फोटो आहे. माणसं कशाला असतील?"

ती भांडी घासायला गेली.

८ डिसेंबर, सोमवार

पुस्तिका छापून आली. 'खोळ : एका घडीच्या छपराचा इतिहास.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. कॉलनीत, चर्चमध्ये, बसस्टँडवर वाटली. वाचनालयात पाच ठेवल्या.

खुर्च्यांचं छगनशी ठरवलं. छगन मंडपवाला, माझा जुना सोबती. त्याचा मंडप आणि माझा आवाज अशी आम्ही निम्म्या तालुक्याची लग्नं लावली आहेत. पांढऱ्या खुर्च्या नकोत, लाल गादीच्या हव्यात, असं बजावलं.

मार्था मधेच म्हणाली, "पायऱ्या बसायलाच बांधल्यात ना? खुर्च्या कशाला?"

मला राग आला. म्हटलं, "मार्था, माझे आजोबा शाळेच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसून बाराखडी शिकले. आबा साहेबांसमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. आपल्या माणसांनी पुष्कळ वर्षं खाली बसून ऐकलं. माझ्या कार्यक्रमाला येणारा माणूस खुर्चीवर बसेल. गादीच्या."

छगन चहाच्या कपात बघत बसला. मग मार्था हळूच म्हणाली, "साहेब कुठे बसायचे तेव्हा खोळीत?"

"असतील पुढे खुर्च्या टाकून. साहेब ते साहेब."

"ते लंकाबाईंना विचारायला पाहिजे," ती म्हणाली.

१३ डिसेंबर, शनिवार

घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. मार्था रोज दुपारी बाहेर. कॅरोलची फेरी असते हे मान्य, पण कॅरोल संध्याकाळी म्हणतात, आणि ख्रिस्ती घरी म्हणतात. ही लंकाबाईंना घेऊन धनगरवाडीला काय करते? विचारलं तर म्हणते, "ओळखी आहेत." जेवण झाकून ठेवलेलं असतं. गार.

अंगणातल्या तारेवर आमच्या सगळ्या गोधड्या धुऊन वाळत घातल्या आहेत. ऐन थंडीत. रात्री पांघरायला चादर मिळाली.

आज मी दुकानातून लवकर आलो तर छगन ओट्यावर बसलेला. मला बघून दचकला.

"खुर्च्यांचं पक्कं ना?" मी विचारलं.

"पक्कं म्हंजे काय! ते... वहिनी म्हनत हुत्या..."

"भाऊजी, चहा घ्या," मार्था आतून म्हणाली.

"व्हय व्हय, चहा," छगन म्हणाला. मोठं पातेलं मागायला आला होता म्हणे. मंडपवाला माझ्याकडे पातेलं मागतो!

पुस्तिकेबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. लोक सावकाश वाचत असतील.

१६ डिसेंबर, मंगळवार

बारदानं काढून टाकली. वास मरत नाही, आणि जे आबांच्या वेळी नव्हतं ते आता लावून जिंकलो तर ती लबाडी होईल.

मार्थाच्या सांगण्यावरून लंकाबाईंकडे गेलो. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी जुनी माहिती मिळेल म्हणून. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं भरकटतं, तरी जसंच्या तसं उतरवतो.

"खुर्ची? खोळीत? कुनालाच न्हवती बाबा खुर्ची. डायरेक्टरबी पायरीवर, आमीबी पायरीवर. साहेबाच्या बायकूनं मागितली हुती. तर तो ममईचा इंजिनेर म्हनला, बाई, खुर्ची ठिवायला म्या जागाच न्हाई केली."

"आर्किटेक्ट," मी म्हणालो. "इंजिनेर नाही."

"आसंल. लई हडकुळा हुता. आमच्यासंगं भाकर खायचा. आमच्या मालकाची घोंगडी मागून घेतली आन् पायरीवर हातरून बगितली. म्हनलं, येड लागलं का काय ह्याला."

"खोळीचा आकार बघत असणार," मी म्हणालो. "छपरासाठी."

"आसंल बाबा. आमी आपलं घरून घोंगडी न्यायचो. तिच्याबिगर कोन जायचं न्हाई. गार लागायचं ना."

मग त्यांनी घोंगडी विणणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट सुरू केली. कामाचं एवढंच निघालं की लालवाणींनी छपराचा आकार प्रत्यक्ष घोंगडीवरून घेतला, याला आता साक्षीदार मिळाला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. एस्तेर आली आहे. तिचा घसा थोडा बसला होता, मार्थाने हळदीचं दूध दिलं. मी तिला विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

हे खोटं आहे. पण उद्या दुपारपर्यंत ते खरं करून घेईन. घण भाऊंनी आणून ठेवला आहे. खोळीच्या दारात, भिंतीला टेकवून, कोरा.

लाल खुर्च्या दुपारी दोनला.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी

काल लिहायला बसलोच नाही. आता सुचेल तसं लिहितो, बैठकीला जायच्या आत.

खुर्च्या आल्या नाहीत! मी दारात उभा. फोनवर फोन. शेवटी छगनने उचलला. "शमूभाऊ, टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. पुनतांब्याच्या अलीकडं हाय. हालतच न्हाई गाडी." मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही, चर्चचा सेक्रेटरी आहे मी.

भाऊ आले. सोबत समितीचे चौघे. पायऱ्या बोडक्या.

"खुर्च्या कुठायत?"

"येतायत."

"आन् मान्सं?"

एवढ्यात कॉलनीच्या बाजूने मार्था आली. काखेत आमच्या दोन गोधड्या. तिच्यामागे बाया. चर्चच्या, बचत गटाच्या, कॉलनीतल्या. धनगरवाडीचा ट्रॅक्टर आला, त्यातून माणसं उतरली, प्रत्येकाच्या खांद्यावर काळी घोंगडी. मी म्हणत होतो, "थांबा, खुर्च्या येतायत," पण ऐकतं कोण. बाया भराभर पायऱ्या उतरल्या. घोंगडी अंथरायची, तिची एक कड मागच्या पायरीच्या उभ्या अंगावर चढवायची, म्हणजे पाठीला गारठा लागत नाही, आणि बसायचं. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी. लंकाबाईंना दोघींनी धरून वर नेलं.

मी बघत होतो. पायरीची रुंदी आणि तिच्या मागची उंची, दोन्ही मिळून घोंगडी बरोब्बर बसत होती. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. ज्या पायरीला मी पुस्तिकेत 'किरकोळ दोष' म्हटलं, आणि छापलं, आणि बसस्टँडवर वाटलं.

भाऊ शेवटच्या पायरीवर गेले. अंगावर कडक इस्त्री. उभेच. लंकाबाई म्हणाल्या, "बस की रं. तुझा बाप हितंच बसायचा, माझ्या मालकाच्या घोंगडीवर. खाजवतीय म्हनून कुरकुर करायचा."

"खुर्ची येतीय म्हनं, मावशी."

"आन् आमी काय खाली बघायचं तुझ्याकडं? बस!"

भाऊ बसले. जिल्हा गाजवणारा माणूस ढोपरं वर करून त्यांच्या शेजारी बसला. त्यांच्या पलीकडे चर्चचा झाडूवाला. खालपासून वरपर्यंत पाहिलं तर कोण कोण आहे हे काही सांगता येत नव्हतं. सगळे पायरीवरच आणि सगळ्यांच्या खाली लोकर. तिथे मला कळलं, या जागेबद्दल बोलताना आबांचा आवाज का बदलायचा. जमिनीवर तर ते सगळीकडेच बसत होते. इथे साहेबही बसले होते.

एस्तेर उभी राहिली. मी माझ्या जागेवर, भाऊंच्या मागे, भिंतीला टेकून. बसणं शक्य नव्हतं.

तिने टाळी नाही, पेटी नाही, थेट पहिला शब्द घेतला. दिवा. शब्द आला आणि थांबला. त्याच्यावर दुसरा चढला नाही. दारात. ठेव. प्रत्येक शब्द वेगळा, धुऊन ठेवल्यासारखा. मी छपराकडे बघत होतो, मग बघायचं सोडलं. छप्पर आवाज वर आणत होतं हे खरं. पण जो आवाज उरून घुमला असता तो खाली लोकरीत, गोधड्यांत, माणसांच्या अंगात जिरत होता. ही इमारत रिकामी असताना अर्धीच असते. रिकाम्या इमारतीचा फोटो मी इतकी वर्षं जपला.

'वाटेत'च्या आधी तिने श्वास घेतला. मला ऐकू आला.

आठवण खोटी नव्हती.

पद संपलं. भाऊ मागे न बघता म्हणाले, "शमुवेलराव, 'कुनी वाटेत हाय', म्हंजे कोन? येशू का?"

"आबा म्हणायचे, जो असेल तो."

"हं," भाऊ म्हणाले. मग रुमाल काढून नाक पुसलं. गारठा होताच.

घरी येताना मी मार्थाला म्हणालो, "बघितलंस? लोक आपण होऊन घोंगड्या घेऊन आले. पुस्तिका वाचून आले. छपराचा आकार घोंगडीवरून घेतलाय हे चौथ्या पानावर आहे, त्यावरून त्यांना सुचलं असणार."

"असेल," मार्था म्हणाली.

"आणि खुर्च्या आल्या असत्या तर संपलं होतं. देवानेच पाटा तोडला त्या टेम्पोचा."

"आमेन," मार्था म्हणाली. एस्तेरला एकाएकी खोकला आला. घसा अजून बरा नाही तिचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बैठक झाली. भाऊंनी ठरावाचा कागद वाचलाच नाही. म्हणाले, "काल मला शब्द कळला. मी शब्दाला बांधील हाय. पाडायचा विषय मागं घेतो." दोघे कुरकुरले, पार्टीला काय सांगायचं म्हणून. भाऊ म्हणाले, "सांगा, अध्यक्ष खाली बसला म्हनावं."

अट एकच: दर दोन महिन्यांनी कार्यक्रम, आणि खोळ भरली पाहिजे. मी "चालेल" म्हणालो. घण कुणी नेला नाही. दाराला टेकू म्हणून ठेवला आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती करतो आहे. छप्पर सहा पानांत बसवलं. पायऱ्यांना पाच दिली. 'किरकोळ दोष' हा परिच्छेद काढला आणि त्या जागी लिहिलं : 'पहिल्या आवृत्तीत लेखकाने पायरीला दोष दिला होता. दोष लेखकाचा होता.' असं लिहायला मला बराच वेळ लागला, पण लिहिलं. पान चौथं मार्थाला वाचून दाखवलं. म्हणाली, लंकाबाईंचं नाव घाला. घातलं. तुझंही घालू का विचारलं, तू गोधड्या आणल्या होत्यास. म्हणाली, "मी काय, दोनच आणल्या."

दुपारी छगनकडे गेलो, त्याला झाडायला. देवाने पाटा तोडला असला तरी सकाळीच एक फोन करता आला असता. टेम्पो दारातच उभा होता. मी वाकून खाली बघितलं. सवय आहे मला. पाट्याची पानं सगळी जुनी, गंजलेली, वर वर्षाची धूळ. एकही नवीन नाही. जोडल्याची खूण नाही.

मी छगनकडे बघितलं. छगन आभाळाकडे.

"चांगला दुरुस्त झालाय," मी म्हणालो.

"व्हय. लई चांगला मिस्त्री हाय पुनतांब्याचा." मग जाताना म्हणाला, "वहिनींना नमस्कार सांग."

घरी येऊन सांगितला. मार्था तारेवरच्या गोधड्या काढून घडी घालत होती. नमस्कार ऐकून तिला इतकं हसू आलं की ती गोधडीसकट ओट्यावर बसली. तिच्या शेजारी बसलो. गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा लावून.

पुढचा कार्यक्रम फेब्रुवारीत. धनगरवाडीला कळवायचं, या वेळी मी स्वतः जाईन, मार्था सोबत असेल तर. खुर्च्या सांगायच्या नाहीत. छगनला मात्र निरोप द्यायला हवा : पाटा तसाच राहू दे.